पूल कोणाच्या खात्यातला?



आज आपण रेल्वेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्या भोर-वेल्ह्यात रेल्वे येतेच कुठे? गाडी पकडायची तर पुणं गाठावं लागतं, नाहीतर नीरा किंवा लोणंद. खरं आहे. पण आजचा विषय गाडीचा नाही, गाडी चालवणाऱ्या कारभाराचा आहे. एवढ्या मोठ्या सरकारी संस्थेत एखादं काम अडतं ते नेमकं कुठे अडतं? दिल्लीतल्या मंत्र्याकडे, की तुमच्या-आमच्यासमोर खिडकीत बसलेल्या माणसाकडे? बहुतेक वेळा दोन्हीकडे नाही. ते अडतं मधे, साहेब लोकांच्या आपसातल्या घासाघिशीत. ही घासाघीस कशी चालते हे एकदा समजलं, की एसटीच्या आगारात, पंचायत समितीत, वीज मंडळात, कुठेही अर्ज घेऊन जाताना आपला पाय जरा घट्ट पडेल. म्हणून हा विषय घेतला.

आधी एक आपल्या शिवारातली गोष्ट बघू. दोन भावांच्या खाचरांमधला बांध सामाईक असतो. पावसाळ्यात तो फुटला तर काय होतं? थोरला म्हणतो, धाकट्याच्या बाजूनं फुटलाय, त्यानं घालावा. धाकटा म्हणतो, माती थोरल्याकडची गेली, त्यानं घालावा. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. दोघंही वाईट नसतात. पण पाणी वाट बघत बसत नाही. ते खालच्या तिसऱ्याच्या खाचरात घुसतं आणि त्याची लावणी वाहून जाते. त्या तिसऱ्याचा या भांडणाशी काही संबंध नसतो. नुकसान मात्र त्याचंच. हे डोक्यात ठेवा आणि आता रेल्वेकडे चला.

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली. आज भारतीय रेल्वेत बारा लाखांच्या आसपास माणसं नोकरीला आहेत. सगळ्यात वर दिल्लीला रेल्वे बोर्ड. त्याखाली झोन. आपला झोन मध्य रेल्वे, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईला आणि त्याचे प्रमुख महाव्यवस्थापक. मध्य रेल्वेचे पाच विभाग आहेत : मुंबई, भुसावळ, नागपूर, सोलापूर आणि पुणे. पुणे विभाग २००३ मध्ये वेगळा झाला. विभागाचा प्रमुख म्हणजे डीआरएम. इथवर सगळं सरळ आहे. आजोबा, बाप, मुलगा असं उभं.

पण या उभ्या धाग्यांबरोबर आडवे धागेही आहेत. ती म्हणजे खाती. मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबलेली डोळ्यांसमोर आणा. पुढे बोरघाटाची चढण, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. इंजिन आणि ते चालवणारा माणूस एका खात्याचा. रूळ दुसऱ्या खात्याचा, म्हणजे इंजिनिअरिंगचा. सिग्नल तिसऱ्या खात्याचा. गाडी कधी सोडायची ते ठरवणारं चौथं खातं. तिकीट आणि फलाटावरचा वड्याचा स्टॉल पाचव्या खात्याकडे. पोलीस सहावे. आणि या सगळ्यांना पैसा मोजून देणारं हिशेबाचं खातं सातवं. गाडी एक, फलाट एक, पण धनी सात.

प्रत्येक खात्याचे अधिकारी विभागात बसतात. त्यांचा एक साहेब विभागात, म्हणजे डीआरएम. पण त्याच खात्याचा वरचा साहेब झोनच्या कार्यालयात, आणि त्याहून वरचा दिल्लीत. बढती, बदली, नाव, सगळं बरंचसं त्या खात्याच्या उतरंडीवर अवलंबून. मग अशा मधल्या अधिकाऱ्यानं ऐकायचं कुणाचं? सासरचं की माहेरचं? तो दोन्ही सांभाळतो. आणि सांभाळता सांभाळता त्याचा बराचसा दिवस घासाघिशीत जातो.

ही घासाघीस कशावर चालते? पहिली गोष्ट, मिनिटं. रेल्वेत गाडीला उशीर झाला की विचारलं जातं, उशीर कुणामुळे? सिग्नल बिघडला की सिग्नल खात्याच्या नावावर मिनिटं लागतात. इंजिन बंद पडलं की इंजिनवाल्यांच्या नावावर. रुळाचं काम लांबलं की इंजिनिअरिंगच्या नावावर. त्यामुळे दहा मिनिटांचा उशीर झाला तरी तो आपल्या खात्यावर पडू नये म्हणून वाद होतात. हिशेब ठेवणं चांगलंच आहे. बचत गटात आपणही कुणाचा हप्ता थकला ते लिहितोच. पण यातून एक सवय लागते. गाडी वेळेवर कशी जाईल याच्याबरोबरच, उशीर आपल्या वहीत कसा पडणार नाही, हाही विचार सुरू होतो.

दुसरी गोष्ट, ब्लॉक. मुंबईत नातेवाईक असतील तर रविवारचा मेगाब्लॉक हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ब्लॉक म्हणजे ठरलेल्या वेळात त्या रुळावर एकही गाडी सोडायची नाही, म्हणजे रूळ, सिग्नल, वरच्या तारा यांची दुरुस्ती करता येते. इंजिनिअरिंगचा अधिकारी म्हणतो, मला चार तास द्या. गाड्या चालवणारा अधिकारी म्हणतो, चार तास रूळ बंद ठेवला तर लोक मला खातील, दोन तास घे. मग कधी अडीचवर तुटतं, कधी काम पुढच्या आठवड्यावर जातं. बाजारात भाजीवालीशी आपण करतो तशीच ही घासाघीस.

आता बघा, यात चुकीचा कोण? गाड्या चालवणाऱ्याला रोज लाखो माणसांना कामावर पोचवायचं आहे. रुळवाल्याला रूळ तुटू द्यायचा नाही. दोघांचंही म्हणणं बरोबर. पण दोघांच्या वजनात फरक आहे. आज गाडी रद्द झाली तर आजच बोंब होते, उद्या पेपरात येतं. आजची दुरुस्ती पुढे ढकलली तर आज काहीच होत नाही. होईल ते सहा महिन्यांनी, कदाचित वर्षानं. म्हणून घासाघिशीत आजचं काम उद्याच्या कामाला नेहमी दाबतं. आणि वेळ अपुरा मिळाला की दोन गाड्यांच्या मधल्या फटीत काम उरकलं जातं. तिथे रुळावर उभा असतो तो ट्रॅकमन, आणि आता कितीतरी ठिकाणी ट्रॅकवर काम करणारी बाई. साहेबांच्या टेबलावर दीड तास कमी झाला, त्याचा धोका तिच्या अंगावर आला. खालच्या खाचरातली ती.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे पैशाचं शीर्ष. सरकारी कामात पैसा एका थैलीत नसतो. प्रत्येक कामाला एक शीर्ष असतं, हेड असतो. रेल्वेत नव्या मार्गांचं शीर्ष वेगळं, रूळ बदलण्याचं वेगळं, पुलांचं वेगळं. आणि प्रवाशांच्या सोयींचं, म्हणजे बाकं, पाण्याचे नळ, फलाटावरचं छप्पर यांचं शीर्ष आणखी वेगळं, त्याचा क्रमांक ५३. आपल्या घरातही असंच असतं ना? बियाण्याचे पैसे वेगळ्या डब्यात, मुलांच्या फीचे वेगळ्या डब्यात. तंगी आली की कोणत्या डब्याला आधी हात लागतो? ज्याच्यावाचून आज अडत नाही त्याला. रेल्वेतही तंगीत सोयींचा डबा मागे पडतो. म्हणून एखादं काम कोणत्या डब्यात टाकलं यावर त्याचं नशीब ठरतं.

आता एक खरी घटना सांगते. ती तुमच्यातल्या अनेकींना आठवत असेल. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळची साडेदहाची वेळ. मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानकं एकमेकांना लागून आहेत. परळ मध्य रेल्वेचं, एल्फिन्स्टन रोड पश्चिम रेल्वेचं. दोन झोन, दोन महाव्यवस्थापक, आणि मधे जोडणारा एक अरुंद पादचारी पूल. जोराचा पाऊस आला. लोक भिजू नये म्हणून पुलावर आणि जिन्यात थांबून राहिले. गाड्यांतून आणखी माणसं उतरत राहिली. वर जागा नाही, खाली उतरायला वाट नाही. चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. भोर-वेल्ह्यातून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या घरांमधून त्या दिवशी फोनावर फोन झाले असतील, आपलं माणूस नीट आहे ना म्हणून.

हा पूल अपुरा पडतो हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. एकेकाळी तो भाग गिरण्यांचा होता. गिरण्या बंद पडल्या, त्या जागी मोठमोठी ऑफिसं उभी राहिली. माणसांची संख्या वाढली, पूल तेवढाच राहिला. लोकांनी तक्रारी केल्या होत्या, खासदारांनी पत्रं लिहिली होती. इतकंच नाही, रुंद पुलाला आधीच मंजुरीही मिळालेली होती. पण जागेवर काम सुरू झालं नव्हतं.

मग अडलं कुठे? नीट ऐका, कारण इथेच आपल्याला शिकायचं आहे. पादचारी पूल तेव्हा कोणत्या डब्यात होता? प्रवाशांच्या सोयींच्या डब्यात. म्हणजे बाकं आणि नळ यांच्या रांगेत. असला तर बरं, नसला तर चालवून घ्या, अशी ती रांग. रुळाला तडा गेला तर ती सुरक्षेची बाब, पण माणसं चेंगरतील असा पूल ही सोयीची बाब. हे कुणी दुष्टपणानं ठरवलं नव्हतं. ती वर्षानुवर्षांची पद्धत होती. प्रत्येक मधल्या अधिकाऱ्यानं आपल्या आधीच्या अधिकाऱ्यासारखीच सही केली. मंजुरीनंतर आराखडा, आराखड्यानंतर खर्चाचा अंदाज, मग हिशेब खात्याची संमती, मग टेंडर. एकेका टेबलावर कागद नियमानं जेवढे दिवस थांबायचा तेवढे थांबला. विचारायला गेलं तर प्रत्येक जण खरं सांगू शकला असता की माझ्याकडे उशीर झाला नाही.

अपघातानंतर काय झालं पाहा. तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केलं की पादचारी पूल यापुढे सोय नव्हे, अत्यावश्यक बाब धरली जाईल. सुरक्षेच्या कामांवर खर्च करण्याचे अधिकार महाव्यवस्थापकांना देण्यात आले, म्हणजे दर वेळी दिल्लीकडे तोंड करून बसायला नको. आणि परळ-एल्फिन्स्टनचा नवा पूल बांधायला लष्कराला बोलावलं. ३१ ऑक्टोबरला ते जाहीर झालं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला पूल लोकांसाठी खुला झाला. चार महिने! एल्फिन्स्टन रोडबरोबर करी रोड आणि आंबिवली इथेही लष्करानं पूल उभारले. पुढे त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचं नाव बदलून प्रभादेवी झालं.

मैत्रिणींनो, देश तोच, खजिना तोच, अधिकारीही बरेचसे तेच. लष्कराचं मनुष्यबळ आणि शिस्त कामाला आली हे खरं. पण तेवढंच नाही. कागद एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेला, आणि सही करायचा अधिकार जवळ आला. या दोन गोष्टी २३ माणसं जिवंत असताना करता आल्या नसत्या का? आल्या असत्या. त्यासाठी पैसा लागला नसता, एक निर्णय लागला असता. तो घ्यायला मधल्या कुणाकडे अधिकार नव्हता, आणि वरच्यांपर्यंत निकड पोचली नव्हती.

ही गोष्ट जाणकारांनी त्याआधीच सांगून ठेवली होती. आपले शास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेची समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. रुळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात आणि त्यातली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या लोकल मार्गांवर, असं त्या समितीनं लिहिलं. रेल्वेची कामगिरी कमी पडते याची कारणं सांगताना समितीनं साधनं आणि पैसा अपुरा असल्याचं सांगितलंच, पण त्याच दमात हेही सांगितलं की प्रत्यक्ष काम करणाऱ्या पातळीवरच्या लोकांना अधिकार नाहीत. जबाबदारी खाली आणि अधिकार वर. सुनेनं सगळं घर सांभाळायचं, पण मिठाची पुडी आणायलाही सासूकडे पैसे मागायचे. अशा घरात मीठ वेळेवर येत नाही.

सरकारलाही हे दिसत नाही असं नाही. खात्याखात्यांतली ही ओढाताण थांबावी म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की अधिकाऱ्यांच्या आठ वेगवेगळ्या सेवा मोडून एकच सेवा करायची. सगळे एका घरचे झाले की भांडण कमी होईल, असा विचार. पण चूल एक केली म्हणून स्वयंपाक येतोच असं नाही. सिग्नलचं काम सिग्नल शिकलेल्यालाच येणार, पुलाचं काम पूल शिकलेल्याला. शेवटी २०२४ मध्ये इंजिनिअर अधिकारी घेण्यासाठी इंजिनिअरिंगच्या वेगळ्या परीक्षेची वाट पुन्हा उघडावी लागली. म्हणजे खाती राहणार. घासाघीसही राहणार. ती संपवता येत नाही. पण त्या घासाघिशीत आपलं नाव घेणारं कुणीतरी असावं, एवढं करता येतं.

कारण जिच्या नावानं कुणी बोलत नाही तिचं काय होतं? आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक म्हणून त्यांचं नाव घेतात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी चालवत नेली, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली. पण इंजिन चालवणाऱ्यांसाठी इंजिनात शौचालय वर्षानुवर्षं नव्हतं. पुरुषांना नव्हतं, बायकांनाही नव्हतं. इंजिनाची रचना करणारे एकीकडे, चालकांच्या ड्यूट्या लावणारे दुसरीकडे, गाडी कुठे किती थांबेल ते ठरवणारे तिसरीकडे. शौचालयाची मागणी कुणाच्या टेबलावर पडते? सगळ्यांच्या, म्हणजे कुणाच्याच नाही. पाणी कमी पिऊन ड्यूटी करणं हा उपाय मग बायकांनीच शोधायचा. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला हा उपाय नवा नाही, आणि त्यानं होणारा त्रासही नवा नाही. चालकांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठे नव्या इंजिनांत शौचालयं बसवायला सुरुवात झाली.

आता आपल्या दाराशी येऊ. आपली रेल्वे म्हणजे एसटी. भोरला एसटीचं आगार आहे, ते पुणे विभागात येतं. आगाराचा प्रमुख आगार व्यवस्थापक. त्याच्या वर पुण्याला विभाग नियंत्रक. हा आगार व्यवस्थापक म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीतला मधला माणूस. समजा, तुमच्या वाडीतल्या मुलींना कॉलेज सुटल्यावर घरी यायला संध्याकाळी गाडी नाही. तुम्ही दहा-पंधरा जणी जाऊन त्याला सांगितलं, साहेब, गाडी सोडा. तो म्हणेल, बघतो. त्याचं 'बघतो' खोटं नसतं. पण त्याच्याकडे गाड्या मोजक्या, चालक-वाहक मोजके, वर्कशॉपमध्ये दोन गाड्या उभ्या. वरून विचारणा होते ती भारमानाची, म्हणजे गाडी किती भरली आणि किलोमीटरला किती मिळकत झाली. तुमच्या वाडीला गाडी द्यायची तर दुसरीकडची काढावी लागते, आणि तिकडचेही दहा-पंधरा जण येणारच. त्याला पुण्याच्या बैठकीत तुमच्या बाजूनं बोलायचं आहे. बोलायला त्याच्या हातात तुम्ही काय दिलं?

म्हणून पहिली गोष्ट, हातात कागद द्या. फक्त विनंतीचा नव्हे, आकड्यांचा. कोणत्या वाडीतून किती मुली, कोणत्या शाळा-कॉलेजात, किती वाजता सुटतात. शाळेकडून पासवाल्या मुलींची संख्या लिहून घ्या. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे. बायकांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. या सवलतींचे पैसे एसटीला शासनाकडून मिळतात. म्हणजे मुली आणि बायका फुकट बसतात म्हणून गाडी परवडत नाही, असं कुणी म्हणालं तर ते ऐकून गप्प बसू नका. बाजाराच्या दिवशी किती जणी जीपला लटकून जातात, त्याचीही आठवडाभर नोंद करा. बचत गटाची वही ठेवणाऱ्या बायांना हे अवघड नाही.

दुसरी गोष्ट, डबा कोणता ते विचारा. गाडी येत नाही कारण रस्ता खराब, असं उत्तर आलं तर समजा की सामाईक बांध आला. एसटी म्हणेल रस्ता दुरुस्त झाल्यावर गाडी सोडू. रस्त्याचं खातं म्हणेल, या रस्त्याला रहदारीच नाही, आधी जास्त रहदारीचे रस्ते. दोघंही खरे, आणि मुलगी चालत. अशा वेळी एकेकट्या खात्याकडे वेगवेगळे हेलपाटे घालू नका. दोघांना एका दिवशी त्या रस्त्यावर उभं करा. संयुक्त पाहणी मागा, लेखी मागा. एका जागी उभं राहिलं की 'ते त्यांच्याकडे' म्हणणं जड जातं. आणि रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, हे आधी ग्रामसेवकाकडून माहीत करून घ्या. चुकीच्या दारी दिलेला अर्ज वर्षभर तसाच पडून राहतो.

तिसरी गोष्ट, सोय हा शब्द जपून वापरा. आपण अर्जात लिहितो, 'आमची गैरसोय होत आहे.' गैरसोय म्हटलं की कागद नळ आणि बाकांच्या रांगेत गेला. खरं असेल ते लिहा. अंधारात मुली चार किलोमीटर चालतात, हे सुरक्षेचं काम आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं आणि बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागतं, हे जिवाचं काम आहे. वाढवून लिहू नका. पण जे जिवाचं आहे त्याला सोय म्हणू नका. एल्फिन्स्टनच्या पुलावर लोकांना हा शब्द फार महाग पडला.

चौथी गोष्ट, कागदाला दिवस लावा. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. हा कायदा २००५ चा आहे. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काय विचारायचं? 'माझा अर्ज आजवर कोणत्या टेबलावर किती दिवस होता?' एवढा एक प्रश्न पुरे. कारण उशिराला धनी नसतो, तो धनी या प्रश्नानं सापडतो. रेल्वेत मिनिटं खात्याच्या नावावर लावतात ना, तसे आपण दिवस टेबलाच्या नावावर लावायचे.

पाचवी गोष्ट, ठराव. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती सभा बऱ्याच ठिकाणी फक्त सह्यांपुरती होते. तिथे हा विषय घ्या, ठराव करा, तो ग्रामसभेत मंजूर करून घ्या. दहा-पंधरा बायांचा अर्ज साहेब बाजूला ठेवू शकतो. पाच गावांचे ठराव आले की त्यालाच पुण्याला सांगता येतं, साहेब, माझ्यावर दबाव आहे. हे वाक्य त्याच्या उपयोगाचं आहे. आपला ठराव म्हणजे त्याच्या घासाघिशीतलं वजन.

आणखी एक सांगते. या मधल्या माणसावर चिडून उपयोग नाही, आणि त्याच्या पाया पडूनही नाही. तो काही वर्षांनी बदलून जाईल. नवा येईल, त्याला काहीच माहीत नसेल. म्हणून आपली फाईल आपल्या गटात राहिली पाहिजे. अर्जाच्या प्रती, आवक क्रमांक, ठराव, पाहणीची तारीख, सगळं एका पिशवीत. साहेब बदलला तरी पिशवी बदलत नाही. हो म्हटलेलं काम फसलं तर चौकशी होते, आणि नाही म्हटलेल्या कामाची चौकशी होत नाही, म्हणून मधल्या माणसाला 'नाही' म्हणणं नेहमी स्वस्त पडतं. आपण एवढंच करायचं, की त्याला 'हो' म्हणायला सोपं जाईल आणि 'नाही' म्हणायचं तर लिहून द्यावं लागेल.

मैत्रिणींनो, येत्या गट-बैठकीत एक काम करा. गावातलं वर्ष-दोन वर्षं अडलेलं एकच काम निवडा. जास्त नको. पाण्याची टाकी असो, शाळेकडे जाणारा साकव असो, संध्याकाळची गाडी असो. कागदावर मधे ते काम लिहा आणि भोवती लिहा, यात किती खाती येतात, कोणाची सही आधी, कोणाची नंतर, पैसा कोणत्या डब्यातला. जे माहीत नाही तिथे रिकामी चौकट ठेवा आणि एकेकीनं एकेक चौकट भरून आणायची. महिनाभरात तुम्हाला दिसेल की काम सगळीकडे अडलेलं नाही. ते एखाद-दुसऱ्या जागी अडलंय, बहुतेक दोन टेबलांच्या मधल्या बांधावर.

तिथे उभ्या राहा. आणि माणूस जाण्याची वाट बघू नका.